विहिरीवरील तेल-इंजिन : बिघाड कसा ओळखावा व मिस्त्रीस केव्हां बोलवावें

विहिरीवरील इंजिन बंद पडण्यास मुहूर्त लागत नाहीं. परंतु बहुधा तें पाण्याच्या पाळीच्या दिवशींच बंद पडतें, असा बागाइतदारांचा अनुभव आहे. यांत दैवाचा भाग थोडा व हयगयीचा भाग अधिक असतो. पावसाळाभर जें यंत्र गोणपाटाखालीं झांकून उभें असतें त्याकडे कोणी ढुंकून पाहत नाहीं. आणि उन्हाळ्यांत त्याच यंत्रावर रोज सात-आठ तासांचा भार पडला म्हणजे मागील चार महिन्यांची हयगय एका सकाळीं उघडकीस येते. पीक तर थांबत नाहीं. अशा वेळीं मालकाच्या हातून दोनपैकीं एक चूक होते. यंत्राकडे न पाहतांच तो मिस्त्रीकडे माणूस धाडतो, किंवा पाना घेऊन दिसेल तो नट सोडूं लागतो.

आम्हीं या दोन्ही चुका केल्या आहेत व दोहोंचेही पैसे भरले आहेत. एका चैत्रांत आमचें इंजिन कांहीं केल्या सुरू होईना. घरच्या दोघां तरुणांनीं हँडल मारून मारून अंगरखे भिजविले. शेवटीं तालुक्याच्या गांवीं मिस्त्रीस निरोप गेला. तो दुसरे दिवशीं दुपारीं आला, खालीं वांकला, डिझेलच्या टाकीखालचा कॉक उघडला व हँडल मारलें. इंजिन तत्काळ सुरू झालें. कॉक कोणी बंद केला होता याचा उलगडा आजपर्यंत झाला नाहीं. मिस्त्रीनें आपली मजुरी व गाडीभाडें घेतलें, व तें योग्यच होतें. पुढील वर्षीं ही मजुरी वांचवावी म्हणून आम्हीं फ्युएल पंप घरींच ओट्यावर उघडला. पंपाच्या बैठकीखालीं तेल फवारण्याची वेळ साधण्याकरितां पातळ पत्र्याच्या चकत्या घातलेल्या असतात, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. त्यांतील एक हरवली. इंजिन सुरू झालें, परंतु ठोके देऊं लागलें व काळा धूर ओकूं लागलें. दुरुस्तीस आठ दिवस गेले. कांदा पोसण्याच्या ऐन वेळीं दोन पाळ्या चुकल्या, आणि त्या वाफ्यांतील कांदा गोटीएवढाच राहिला.

आतां बहुतेक ठिकाणीं विजेच्या मोटारी आल्या आहेत, सौरपंपही बसूं लागले आहेत. तरी जेथें तारा पोंचल्या नाहींत, किंवा वीज रात्रीबेरात्रीं येते, तेथें पांच अश्वशक्तीचें डिझेल इंजिन अद्याप शेतकऱ्याचा आधार आहे. म्हणून त्याचा बिघाड कोणत्या क्रमानें शोधावा, कोणतें काम आपण करावें, व कोठें हात आवरून मिस्त्रीस बोलवावें, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

यंत्राची मागणी काय?

रुडॉल्फ डीझेल या जर्मन इंजिनिअरानें या यंत्राच्या कल्पनेचें पेटंट १८९३ सालीं मिळविलें व १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें त्याचें इंजिन यशस्वी रीतीनें चालून दाखविलें गेलें. आपल्या प्रांतीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, आणि १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. पुढें मोटेची जागा इंजिनानें घेतली. बाह्य रूप कितीही बदललें तरी मूळ तत्त्व तेंच राहिलें आहे.

डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाहीं. सिलिंडरांत ओढलेली हवा दट्ट्या दाबून सुमारें सोळा-सतराव्या हिश्श्याइतक्या जागेंत आणतो. इतकी दाबली गेल्यामुळें ती ५०० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापते. त्या तापलेल्या हवेंत नोझल डिझेलचा अतिबारीक फवारा सोडतें, व तो आपोआप पेट घेतो. यावरून यंत्राच्या मागण्या तीनच ठरतात : स्वच्छ तेलाचा बारीक फवारा, भरपूर हवा, आणि ती हवा न गळतां दाबली जाणें. सुरू झाल्यावर टिकून राहण्यास आणखी दोन गोष्टी लागतात : थंड करणारें पाणी व वंगणाचें ऑइल. इंजिनाचा कोणताही बिघाड या पांचांपैकीं एकांत सांपडतो. म्हणून शोधही याच क्रमानें करावा, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशानें आला हें कळत नाहीं, व तोच दोष पुन्हां उद्भवल्यास आपण होतों तेथेंच राहतों.

हात लावण्यापूर्वी

प्रथम डोळ्यांनीं पाहावें. टाकींत डिझेल आहे काय? कॉक उघडा आहे काय? बंद करण्याचा खटका 'चालू'च्या बाजूस आहे काय? पट्टीवर वंगणाचें ऑइल दोन खुणांच्या मध्यें आहे काय? हवेच्या फिल्टराच्या तोंडाशीं चिंधी, पाला किंवा गांधीलमाशीचें घर नाहीं ना? सायलेन्सरांत उंदरानें घर केलें नाहीं ना? या पाहणीस पांच मिनिटेंही लागत नाहींत. आमची एका वर्षाची मजुरी यांतील दुसऱ्या प्रश्नानें वांचली असती.

हँडल मारतांना धोतराचा सोगा व उपरणें खोंचून घ्यावें, आणि अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. इंजिनानें उलटा झटका दिल्यास हात निसटून मोकळा होतो. अंगठा पलीकडून आवळलेला असला तर मनगट मोडतें. पट्ट्याजवळ सैल कपडा, पदर किंवा लहान मूल कधींही नसावें.

इंजिन सुरू न होणें

व्हॉल्व्ह उघडा धरणारा खटका वर करून हँडल फिरवावें व कान नोझलाकडे द्यावा. दर दोन फेऱ्यांस एकदां 'कर्र' असा बारीक आवाज आला तर तेल नोझलापर्यंत पोंचून फवारत आहे असें समजावें. आवाज नसेल तर तेलाच्या वाटेंत खोळंबा आहे.

हा खोळंबा बहुधा हवेचा असतो. टाकी पुरती रिकामी होऊन इंजिन थांबलें, किंवा एखादा सांधा सैल झाला, म्हणजे नळींत हवा शिरते. फ्युएल पंप तेल दाबण्यासाठीं केलेला आहे. हवा सांपडली म्हणजे तीच दबते व तेल पुढें सरकत नाहीं. अशा वेळीं टाकी निम्म्याहून अधिक भरून फिल्टरावरील हवा काढण्याचा स्क्रू थोडा ढिला करावा. प्रथम फेंस येईल, मग बुडबुडे, शेवटीं अखंड धार. धार अखंड झाल्यावरच स्क्रू आवळावा. मग पंपावरील स्क्रूशीं तेंच करावें. शेवटीं नोझलाकडे जाणाऱ्या पोलादी नळीचा वरचा नट एक फेरा ढिला करून हँडल फिरवावें. तेथून तेल उसळूं लागलें कीं नट आवळावा. हें काम टाकीकडून नोझलाकडे याच क्रमानें करावें, उलट नव्हे.

या कामांत एक धोका आहे, तो घरांतील सर्वांस सांगून ठेवावा. नोझलांतील फवारा दर चौरस सेंटिमीटरास सुमारें २०० किलो दाबानें सुटतो. नोझल बाहेर काढून हवेंत फवारा पाहतांना बोट समोर आलें तर तेल कातडी भेदून आंत शिरतें. जखम टांचणीच्या टोंकाएवढी दिसते, प्रथम फारशी दुखतही नाहीं. परंतु आंतील मांस सडूं लागतें व बोट, प्रसंगीं हातही, जाण्याचा प्रसंग येतो. असें झाल्यास हळद लावून वाट पाहूं नये. त्याच घटकेस शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळांत जावें, व डिझेलचा फवारा शिरला आहे असें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें.

हवा काढूनही तेल येईना तर फिल्टर तुंबला असावा. कागदी फिल्टर धुवूं नये, नवाच घालावा. टाकीच्या तळाचा स्क्रू काढून खालचें थोडें तेल कांचेच्या भांड्यांत घ्यावें. त्यांत पाणी असल्यास तें तळाशीं वेगळें दिसतें. थंडीच्या रात्रीं अर्ध्या रिकाम्या टाकीच्या आंतल्या बाजूस दंव धरतें, तेंच हें पाणी. यास्तव सायंकाळीं काम संपल्यावर टाकी भरून ठेवावी. डिझेल जस्ताचा मुलामा दिलेल्या डब्यांत सांठवूं नये, कारण जस्ताचा त्याशीं संयोग होऊन फिल्टर व नोझल तुंबविणारा गाळ तयार होतो. पिंपांतील तेल एक दिवस निवूं द्यावें, आणि तळचें चार बोटें न घेतां वरचें बारीक जाळींतून गाळून घ्यावें. नोझल बिघडण्याचें मूळ बहुतेक वेळां या गाळणींत असतें.

तेल येत आहे, नोझल बोलत आहे, तरी इंजिन पेट घेत नाहीं, असें असल्यास दाब पाहावा. तेलाचा खटका 'बंद'कडे ठेवून व्हॉल्व्हचा खटका खालीं करावा आणि फ्लायव्हील हातानें सावकाश फिरवावें. दाबाच्या जागीं चाकानें अडून उसळी दिली तर दाब ठीक आहे. तें फुस्स होऊन सहज पुढें गेलें तर हवा गळत आहे. ती कोठून गळते हें कान सांगतो. फुसफुस हवेच्या फिल्टरांत ऐकूं आली तर हवा घेणारा व्हॉल्व्ह, सायलेन्सरांत आली तर धूर सोडणारा व्हॉल्व्ह, आणि ऑइल भरण्याच्या तोंडाशीं आली तर दट्ट्याच्या रिंगा, असें अनुमान करावें. व्हॉल्व्हचा दोष दिसल्यास प्रथम टॅपेटची फट पाहावी. फट मुळींच नसेल तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाहीं. इंजिन थंड असतां, कारखानदाराच्या पुस्तकांत दिलेल्या मापाची पट्टी घालून ती फट बसविणें हें काम एकदां शिकून घेतल्यास आपल्यास करतां येण्याजोगें आहे. फट बरोबर असून दाब नसेल तर तेथें आपलें काम संपलें.

धुराचा रंग

चालत्या इंजिनाची नाडी त्याच्या धुरांत असते. सुरू होतांना थोडा धूर येणारच. तापून भार घेतल्यावर तो जवळजवळ दिसेनासा झाला पाहिजे.

काळा धूर म्हणजे तेल जास्त व हवा कमी. हवेचा फिल्टर साफ करावा. ऑइलच्या भांड्याचा फिल्टर असल्यास त्यांतील गढूळ ऑइल बदलावें. पंपावर भार अधिक आहे काय तेंही पाहावें. एवढ्यानें धूर न गेल्यास नोझल तेल फवारण्याऐवजीं थेंबथेंब गाळीत असावें.

पांढरा धूर म्हणजे न जळलेलें तेल किंवा पाण्याची वाफ. थंड इंजिनांत तो थोडा वेळ येतो, त्याची चिंता नको. तापल्यावरही येत राहिला तर डिझेलमध्यें पाणी आहे काय पाहावें. तें नसल्यास ऑइलची पट्टी काढावी. ऑइल दुधासारखें पांढुरकें झालें असेल तर थंड करण्याचें पाणी आंत शिरत आहे. मग एक मिनिटही इंजिन चालवूं नये. पाणी मिसळलेलें ऑइल बेअरिंगांस वंगण देत नाहीं.

निळसर धूर म्हणजे वंगणाचें ऑइल जळत आहे. तें वरच्या खुणेपेक्षां अधिक भरलें असल्यास कमी करावें. तसें नसेल तर रिंगा झिजल्या आहेत. हा बिघाड सावकाशीचा आहे; हंगाम निभावून पुढें दुरुस्ती करतां येते, मात्र ऑइलची पातळी रोज पाहावी लागते.

उष्णता व आवाज

पुष्कळ पंपसंचांत इंजिन थंड करणारें पाणी पंपाच्याच डिलिव्हरीवरून बारीक नळीनें घेतलेलें असतें. म्हणजे पंपानें पाणी सोडलें कीं इंजिनाचें पाणीही तुटतें. म्हणून इंजिन सुरू करून घरीं जेवावयास जाण्याची संवय घातक आहे. बाहेर पडणाऱ्या पाण्याखालीं क्षणभर हात धरतां आला पाहिजे. तें फार कढत असेल किंवा धार बारीक झाली असेल तर नळींत शेवाळ वा गाळ बसला आहे. ती साफ करावी. पाणी तुटून इंजिन भाजलें असल्यास भार काढून तें बंद करावें व आपोआप निवूं द्यावें. घाबरून वर थंड पाण्याची घागर ओतल्यास तापलेलें बीड तडकतें, आणि शंभराच्या बिघाडाचा हजारांचा होतो.

आवाजासंबंधीं नियम सोपा आहे. वरच्या बाजूस कडक टकटक होत असेल तर नोझल किंवा तेलाची वेळ बिघडली आहे. मिस्त्री लौकर यावा. खालच्या बाजूस जड, बोजड ठोका पडूं लागला तर बेअरिंग गेलें आहे; त्याच क्षणीं इंजिन बंद करावें. 'एवढा वाफा भिजूं द्या' हा मोह क्रँक मोडून जातो.

क्वचित् इंजिन गति सोडून बेफाम धांवूं लागतें, व खटका ओढूनही थांबत नाहीं. अशा वेळीं हवेचें तोंड जाड फळीनें घट्ट झांकावें. हात किंवा सैल फडकें लावूं नये, तें आंत ओढलें जातें. फ्लायव्हीलच्या रेषेंत कोणी उभें राहूं नये. जवळ जाणें शक्य नसेल तर दूर व्हावें. यंत्र पुन्हां मिळतें.

इंजिन चालतें, पण पाणी येत नाहीं

हा दोष पुष्कळदां इंजिनाच्या माथीं मारला जातो. पंप पाणी ओढतो असें आपण म्हणतों, परंतु खरें पाहतां बाहेरील हवेचा दाब पाण्यास नळींत वर ढकलतो. हा दाब समुद्रकांठीं पाण्यास फार तर १०.३ मीटर उचलूं शकतो; देशावर, पांच-सहाशें मीटर उंचीवर, तें माप अर्ध्या-पाऊण मीटरानें आणखी घटतें. नळीचें घर्षण व सांध्यांची गळती वजा जातां पंप पाण्यापासून सहा मीटरांहून, म्हणजे सुमारें वीस फुटांहून, अधिक उंच नसावा. पौषांत भरभरून पाणी देणारा पंप वैशाखांत पाणी सोडूं लागला तर प्रथम दोरी सोडून पाण्याची खोली मोजावी.

खोली योग्य असूनही पाणी न आल्यास पंपांत पाणी भरून थांबावें. भरलेलें पाणी उतरूं लागलें तर फुटव्हॉल्व्ह गळतो. त्यांत काडी किंवा खडा अडकला असेल, अथवा चामडें झिजलें असेल. पाणी टिकतें पण पंप धरत नाहीं, तर सक्शन पाइपाच्या सांध्यांतून हवा शिरते. पंप चालू असतां सांध्याजवळ उदबत्ती धरावी. धूर आंत ओढला गेला कीं दोष सांपडला. ग्लँडमधून पाण्याचे थोडे थेंब पडत राहावे. तें अगदीं कोरडें असेल तर पॅकिंगची दोरी फार आवळली आहे, धार लागली असेल तर ती बदलण्यास झाली आहे. हीं सर्व कामें आपलीं आहेत.

विहिरींतील धूर

पाणी खोल गेलें म्हणजे पुष्कळ शेतकरी इंजिन व पंप विहिरींतील टप्प्यावर उतरवितात. उंचीचा हिशेब त्यानें जुळतो, परंतु या युक्तीनें माणसें मेलीं आहेत, म्हणून येथें थांबून चार ओळी अधिक लिहितों.

इंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु असतो. त्यास रंग नाहीं व वास नाहीं. रक्तांतील ज्या द्रव्यास प्राणवायु चिकटतो त्यास हा वायु दोनशें पटींहून अधिक जोरानें चिकटतो, आणि शरीर आंतल्याआंत गुदमरतें. डिझेलच्या धुरांत तो पेट्रोलच्या मानानें कमी असतो, हें खरें. पण विहिरीसारख्या कोंडलेल्या जागेंत धूर सांचतो, हवेंतील प्राणवायु इंजिन खाऊन टाकतें, व तो कमीपणा निरर्थक ठरतो. उचलून नेण्याजोगे लहान पेट्रोल-रॉकेलचे पंप तर याहून घातक. प्रथम डोकें दुखतें, मग घेरी व मळमळ, मग पायांतील बळ जातें. वर चढावें असें मनांत येईतों चढण्याची शक्ति उरलेली नसते.

कंदील खालीं सोडून पाहण्याची जुनी रीति आहे. प्राणवायु फारच कमी झाला असेल तर कंदील विझतो, हें खरें. परंतु माणूस मारण्याइतका कार्बन मोनॉक्साइड हवेंत असतांही कंदील खुशाल जळत राहतो. तेव्हां जळता कंदील पाहून निर्धास्त होऊं नये.

एक पडला म्हणून भाऊ उतरतो, भाऊ पडला म्हणून शेजारी उतरतो, आणि एका विहिरींतून दोन-तीन प्रेतें निघतात. म्हणून नियम असा : विहिरींत इंजिन चालवूंच नये. इंजिन वर ठेवून पाणी उचलण्याची दुसरी कोणती सोय बसते हें जाणत्या मिस्त्रीस विचारावें. पूर्वींच उतरविलेलें असेल तर तें वर घेईपर्यंत धुराचा पाइप विहिरीच्या काठाबाहेर दूर न्यावा, बंद करण्याच्या खटक्यास तार बांधून ती काठावर आणावी, व इंजिन चालू असतां कोणीही खालीं उतरूं नये. बंद केल्यावरही धूर निघून जाण्यास पुरेसा वेळ द्यावा. मगच कमरेस दोर बांधून, वर दोन माणसें उभीं करून, एकानें उतरावें. आंत कोणी बेशुद्ध पडल्यास दोरानें वर ओढावें. दोर नसेल तर मागून उडी घेऊं नये. आरडाओरड करावी, अग्निशामक दळास १०१ व रुग्णवाहिकेस १०८ या क्रमांकावर कळवावें. हें करणें फार कठीण आहे, हें आम्ही जाणतों. तरी उतरणारा दुसरा माणूस पहिल्यास वांचवीत नाहीं, हेंही तितकेंच खरें आहे.

मिस्त्रीस केव्हां बोलवावें

आतांपर्यंतच्या विवेचनाचें सार असें कीं, जें पाना न लावतां किंवा बाहेरचा एखादा स्क्रू ढिला करून होतें तें आपलें काम. जें उघडल्यावाचून होत नाहीं तें मिस्त्रीचें. फ्युएल पंपाचा दट्ट्या व नोझलाची सुई यांचें माप मिलिमीटरच्या कांहीं हजाराव्या भागापर्यंत जुळविलेलें असतें. तेथें घरचें फडकें व हाताची धूळही बिघाड करते. पुढील प्रसंगीं विलंब न लावतां मिस्त्रीस बोलवावें :

१. हवा काढून व फिल्टर बदलूनही नोझल बोलत नाहीं, किंवा काळा धूर जात नाहीं.
२. टॅपेटची फट बरोबर असून दाब नाहीं.
३. ऑइल दुधासारखें झालें, किंवा थंड पाण्यांतून सारखे बुडबुडे येतात.
४. खालच्या बाजूस जड ठोका ऐकूं आला.
५. इंजिन एकदां जरी बेफाम धांवलें.
६. बीड तडकलेलें दिसलें.
७. आपण काढलेला तोच दोष तिसऱ्यांदा आला. तिसऱ्या खेपेस दोष दुसरीकडे आहे असें समजावें.

तिसऱ्या, चौथ्या, पांचव्या व सहाव्या प्रसंगीं मिस्त्री येईपर्यंत इंजिनास हातही लावूं नये. पिकाची पाळी चुकेल, हें खरें. शेजाऱ्याकडून एक पाळी मागून घेणें जड वाटतें. परंतु क्रँक मोडल्यावर चार पाळ्या मागाव्या लागतात.

नोंदवही

शेवटीं एक गोष्ट. मिस्त्री आल्यावर पहिला प्रश्न करतो, 'केव्हांपासून?' आणि मालक म्हणतो, 'कालपर्यंत ठीक होतें.' तें बहुधा ठीक नसतें. आमचें आयुष्य सरकारी दप्तरांत गेलें, त्यामुळें असेल, पण कांदा गेल्यावर आम्हीं इंजिनाचें एक खातें उघडलें. दोन आण्यांच्या जुन्या वहीसारखी साधी वही असली तरी पुरते. त्यांत रकाने इतकेच : तारीख, चाललेले तास, घातलेलें डिझेल, घातलेलें ऑइल, विहिरींतील पाण्याची खोली, धुराचा रंग, व शेरा.

पांच अश्वशक्तीचें नीट इंजिन पूर्ण भारावर ताशीं सुमारें एक ते सव्वा लिटर डिझेल खातें. समजा, सहा तासांस साडेसहा लिटर लागत होतें. पाण्याची खोली तीच असतां पुढील महिन्यांत आठ लिटर लागूं लागलें, तर इंजिन अद्याप चालत असलें तरी तें आजारी आहे. हवेचा फिल्टर पाहावा. त्यानें गुण न आल्यास पाळी नसलेल्या दिवशीं, सवडीनें, मिस्त्रीस बोलवावें. आमच्या वहींत एकदां असाच फरक पडला. मिस्त्रीनें नोझल काढून तपासलें, तें गळत होतें. अर्ध्या दिवसांत काम झालें व एकही वाफा कोरडा राहिला नाहीं. त्याच मिस्त्रीस पूर्वीं आम्हीं केवळ कॉक उघडण्याकरितां बोलाविलें होतें. या खेपेस वही पाहून तो एवढेंच म्हणाला कीं, निम्मी तपासणी तुम्हीच करून ठेवली आहे.

पावसाळ्यांत इंजिन झांकून ठेवण्यापूर्वीं ऑइल व फिल्टर बदलावे, टाकी भरावी, सायलेन्सराच्या तोंडावर डबा उपडा घालावा, व पंधरा दिवसांनीं एकदां तें थोडा वेळ चालवावें. त्या दिवशींही वहींत एक ओळ लिहावी. चैत्रांत पहिल्या पाळीच्या सकाळीं त्या ओळीचा उपयोग होतो.